बारदाना कोंबलेला भोंगा

या मित्रांनो, जरा जवळ सरका. ओरडायची माझी सवय आता मोडली आहे. म्हणून ही गोष्ट मी हळूच सांगणार आहे.

मी एक जुना भोंगा आहे. आरमोरीच्या सादिकभाऊंच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात खुंटीला टांगलेला. माझा पत्रा नवा होता तेव्हा मी कार्तिकात कीर्तनं गाजवली. बुवांनी अभंग उचलला की टाळांचा नाद माझ्या गळ्यातून निघे आणि धानाच्या बांध्यांवरून पार नदीपर्यंत जाई. देवाचं नाव तोंडून जावं, यापरतं भाग्य पत्र्याला कोणतं? बुवा दरवर्षी सांगत, "देताना मान खाली घाला. घेणाऱ्याचे लाजलेले डोळे दिसू नयेत." ते बोल मीच घरोघर पोचवले.

रुखमाबाई पहिल्या रांगेत बसत. त्यांच्या नातीला सिकलसेल, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. दुखणं उठलं की पोर गुडघे धरून रडे. गावाबाहेरच्या धर्मादाय दवाखान्यानं तिला जपलं. म्हणून मळणी झाली की रुखमाबाई टोपलंभर धान गुपचूप तिथे ठेवून येत.

पुढे दोन हजार सालच्या सुमारास दवाखान्याला नवी खोली बांधायची ठरली. काम पवित्रच होतं. पण वर्गणी गोळा करायचं गावातल्या बिरजूनं अंगावर घेतलं आणि मला सादिकभाऊंच्या ऑटोवर बांधलं. ज्यांनी दिलं नाही त्यांची नावं तो दारापुढे माझ्या तोंडून पुकारी. ज्यांनी दिलं त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ज्या भोंग्यासाठी लोक चटया अंथरत, त्याला पाहून आता कवाडं लावू लागले.

एका सकाळी ऑटो कलाबाईंच्या दारी थांबला. एकट्या बाई, रोजमजुरीवर जगणाऱ्या.

"कलाबाई, बाहेर या. दवाखान्यात लेकरं तडफडून राह्यली, अन् तुम्ही घरात बसून राह्यल्या?"

हे मी बोललो, मित्रांनो. माझ्याच तोंडून गेलं. सारी गल्ली कवाडांच्या फटींतून पाहत होती. कलाबाई सुपात तांदूळ घेऊन आल्या. चुलीवर आधण चढलं होतं, त्यात पडायचे ते तांदूळ.

समोरच्या घरातून रुखमाबाई निघाल्या. "कला, तांदूळ आत ने. आधण आटून राह्यलं." मग त्या वळल्या. "काऊन रे बिरजू, वर्गणी मांगून राह्यला का चोर पकडून राह्यला?"

"बाई, काम चांगलं आहे. तुमचीच नात तिथी बरी झाली ना?"

"म्हणून तर बोलून राह्यली. माह्या नातीच्या दवाईत मले कलाचा उपास नाई पाह्यजे."

"असं केल्याबिगर लोक देत नाई."

"ह्याच भोंग्यानं मले देताना मान खाली घालायले शिकवलं. अन् तू त्याच्याच तोंडून लोकाईच्या माना खाली घालवतं?"

असं म्हणून त्यांनी आपल्या ओट्यावरचा बारदाना, धानाचं रिकामं पोतं, उचलला, ऑटोच्या पायरीवर चढल्या आणि तो माझ्या घशात कोंबला. बिरजू माइकवर ओरडला. माझ्यातून नुसतं भुंभुं निघालं.

"बिरजू, तुह्या भोंग्याले सर्दी झाली," कोणीतरी म्हणालं, आणि बंद कवाडं हसत उघडली.

ऑटो चालवणाऱ्या सादिकभाऊंनी उतरून माझ्या दोऱ्या सोडल्या. "कीर्तनाले मांग, फुकट देतो," ते बिरजूला म्हणाले. "ह्या कामाले नाई."

त्याच दुपारी रुखमाबाई डोक्यावर धान घेऊन दवाखान्याकडे निघाल्या. मागून ज्याला वाटलं तो गेला, नाही वाटलं तो घरी बसला. बांधकाम सुरू झालं तेव्हा कलाबाईंनी न बोलावता दिवसभर विटा वाहिल्या. खोली उशिरा झाली, पण झाली.

माझ्या घशात अजून तागाचा धागा अडकला आहे. सादिकभाऊ पुसायला आले की मनात म्हणतो, राहू द्या. मित्रांनो, चांगल्या कामासाठी आलेल्याला हाकलू नका; पण भिऊन काही देऊही नका. आणि कुठे कीर्तनाला बसलात, तर पहिल्या रांगेतल्या आमच्या रुखमाबाईंची आठवण काढा.