तिसरं कडवं

क्लाइव्ह ऑसगर्बीने दोन कडवी गायली, तिसऱ्यापाशी आला आणि नेहमीसारखा नुसता गुणगुणला. डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून, जणू शब्द आपण मुद्दामच गाळले आहेत अशा थाटात त्याने चार ओळींची जागा सुरांनी भरली आणि धृपदावर येऊन गाणं संपवलं. शनिवारची दुपार होती. 'थ्री हेरिंग्ज' पबमध्ये तीसेक माणसं असतील. सहासात जणांनी टाळ्या वाजवल्या. गाणं चालू असतानाच बारकडे गेलेले दोघे भरलेले ग्लास सांभाळत परत येत होते.

"अजून कच्चंच का रे?"

हे विल्फ मॅडिसनचं. बारच्या टोकाला, टीव्हीखालच्या स्टुलावर, क्लाइव्हकडे पाठ करून तो बसायचा. क्लाइव्हने मान खाली घालून गिटारची एक तार जुळवली. मग विल्फने ग्लेंडाला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं, कारण साडेतीनची घोड्यांची शर्यत सुटत होती. ग्लेंडा या पबची मालकीण. तिने मान हलवून नकार दिला आणि क्लाइव्हकडे बघून डोळे फिरवले, मनावर घेऊ नकोस अशा अर्थाने.

क्लाइव्ह मनावर घ्यायचा. गेली चोवीस वर्षं तो ग्रिम्सबी बंदरातल्या आणि आसपासच्या पबांत गात होता, आणि लोकांना त्याच्याकडून हवी असायची ती सगळ्यांना पाठ असलेली जुनी गाणी. ती तो द्यायचा. त्यांच्या मधोमध, ताटात लोणचं वाढावं तसं, एखादं स्वतःचं सरकवायचा. स्वतःच्या दहा गाण्यांचा अल्बम तो आता पुरा करत होता. नऊ गाणी ध्वनिमुद्रित होऊन आठ महिने झाले होते. दहावं हे, आणि ते या चार ओळींवर अडलं होतं.

गाणं त्याच्या वडिलांबद्दल होतं. पहाटे भरतीच्या वेळी ते ट्रॉलरवर, मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, निघत. जिन्यात बुटांचा आवाज यायचा, आणि आठ वर्षांचा क्लाइव्ह पांघरुणातून उठून पडद्याआडून बंदरातले दिवे सरकताना बघत राहायचा. पहिल्या दोन कडव्यांत हे होतं. पुढे एकदा ते असेच गेले ते अ‍ॅबर्डीनला दुसरा संसार थाटून राहिले. तिसऱ्या कडव्यात त्याबद्दल काही म्हणायला हवं होतं. त्याने रागाचं कडवं लिहिलं, क्षमेचं लिहिलं, एक थट्टेचंही लिहिलं. प्रत्येक वेळी गायला तोंड उघडलं की ते खोटं वाटायचं. गेल्या दोन महिन्यांत तर त्याला कुठेच धड बसवेना. स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवायचा. लागलेल्या तारा पुन्हा पुन्हा जुळवायचा. गाडी घेऊन किनाऱ्याने क्लीथॉर्प्सपर्यंत जायचा आणि काहीच काम नसताना परत यायचा.

त्यानंतरचे दोन शनिवार विल्फचं स्टूल रिकामं राहिलं. दुसऱ्या शनिवारी, मधल्या सुट्टीत क्लाइव्ह बारशी पाणी पीत उभा असताना, करड्या कोटातली एक ठेंगणी म्हातारी त्याच्यासमोर येऊन थांबली. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती विल्फची बायको बेरिल. विल्फ गेल्या आठवड्यात मंगळवारी गेला, हे तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. छातीत दुखतंय म्हणाला, आणि रुग्णवाहिका गल्लीत वळायच्या आत संपलंच. अंत्यविधी येत्या गुरुवारी होता. तिथे क्लाइव्हने एक गाणं म्हणावं अशी तिची इच्छा होती.

कुठलं, असं त्याने विचारलं. विल्फला आवडणारं एखादं जुनं गाणं असेल, अशी त्याची समजूत होती.

"ते भरतीचं," बेरिल म्हणाली. "तुझंच."

क्लाइव्हने ग्लास खाली ठेवला. ते गाणं अजून अपुरं आहे, तिसरं कडवं झालेलं नाही, असं काहीतरी तो बोलला. बेरिलच्या कपाळावर आठी पडली.

"झालेलं नाही कसं? आमचा विल्फ रोज भांडी घासताना म्हणायचा की."

आणि तिथेच, बारशी उभी राहून, अगदी हलक्या आणि जरा बेसूर आवाजात तिने त्या चार ओळी म्हटल्या.

*धक्का सुटला की तुझी खिडकी दिसते,*
*पडद्याआड तू आहेस, ठाऊक असतं मला.*
*मी जाळ्याकडे बघतो, गाठी मोजतो;*
*तिकडे बघितलं, तर उतरून परत येईन.*

शेजारी कुणीतरी चिप्सची पिशवी फोडली. क्लाइव्ह गिटार छेडायच्या पिकने बारच्या लाकडाची कड खरवडत राहिला. आठ महिने तो खिडकीच्या आतल्या बाजूला उभा राहून लिहीत होता. बोटीवरून ती खिडकी कशी दिसत असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"तुझंच आहे ना हे?" बेरिलने विचारलं. "विल्फ म्हणायचा, क्लाइव्हचं आहे."

"हं," क्लाइव्ह म्हणाला.

एवढंच. धड होही नाही. पण ती समाधानाने मान हलवून गेली, आणि त्याला गिटार उचलून दुसरा भाग सुरू करावा लागला.

गुरुवारी स्मशानगृहाच्या छोट्या सभागृहात वीसेक माणसं होती. क्लाइव्ह शवपेटीच्या डाव्या बाजूला उभा राहून गायला. तिसऱ्या कडव्याच्या त्या चार ओळी गाताना त्याला काही करावं लागलं नाही. नुसतं तोंड उघडावं लागलं. बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने त्याचा दंड धरला. हा विल्फबरोबर अकरा वर्षं एकाच बोटीवर होता. तू कधी ट्रॉलरवर होतास, असं त्याने विचारलं. क्लाइव्ह नाही म्हणाला.

"मग तुला हे कसं ठाऊक?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "आम्ही सगळे तेच करायचो. कुणी कुणाला सांगितलं नाही कधी."

ऐकलं होतं कुणाकडून तरी, असं पुटपुटून क्लाइव्हने दंड सोडवून घेतला. चहाला तो थांबला नाही.

सोमवारी तो पावेलच्या स्टुडिओत गेला. मासे धुरावर सुकवायच्या जुन्या धुरीघराच्या विटांच्या इमारतीत पावेलने हा स्टुडिओ थाटला होता. वीस वर्षांत तिथे एकही मासा टांगला गेला नव्हता, तरी पावसाळी हवेत भिंतींना अजून वास सुटायचा. पहिल्याच खेपेला कडवं नीट लागलं. पावेलने कानावरचे हेडफोन उतरवून गळ्यात घेतले आणि काचेपलीकडून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"आठ महिने मला वेठीला धरलंस," तो शेवटी म्हणाला, "आणि हे खिशात होतं?"

क्लाइव्ह हसला, पण त्याला आत कुठेतरी टोचलं. अजून एकदा घेऊ या, असं तो म्हणाला. पावेलच्या मते गरज नव्हती. क्लाइव्हने हट्ट धरला. कागदावर उतरवलेल्या त्या ओळींकडे तो बघत होता, आणि त्याच्या मनात आलं, यात एक तरी शब्द आपला हवा. दुसऱ्या खेपेला त्याने तिसरी ओळ बदलली. *मी ताऱ्यांकडे बघतो, तारे मोजतो.* सुराला ते गोड बसत होतं. पावेल म्हणाला, दोन्ही चालतील, गाणं तुझं आहे. क्लाइव्हने दुसरं ठेवायला सांगितलं.

अल्बम झाला. पुढच्या मंगळवारी तो छापायला जाणार होता. जूनमधल्या कार्यक्रमासाठी ग्लेंडाने वरचा हॉल राखून ठेवला होता. एवढं झाल्यावर माणूस सुखाने पाय पसरून बसतो. क्लाइव्हने त्या आठवड्यात गॅरेज आवरलं, गाडीचं तेल बदललं, आणि गरज नसताना गिटारच्या सगळ्या तारा बदलल्या. शनिवारी 'हेरिंग्ज'मध्ये त्याने गाणं पुरं गायलं. बारकडे निघालेला एक माणूस वाटेतच थांबून उभा राहिला. टाळ्या जोरात पडल्या. ग्लेंडाने काउंटरवरून ओरडून विचारलं, असलं काही सुचतं तर इतके दिवस आम्हाला का छळत होतास. क्लाइव्हने पुढचं गाणं इतक्या घाईत सुरू केलं की सूर चुकला.

रविवारी सकाळी तो बेरिलकडे गेला. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"ते कडवं माझं नाही, बाई," तो म्हणाला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

बेरिलने नळाखाली हात धुतले. टॉवेलला पुसले. किटली भरून गॅसवर ठेवली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

क्लाइव्ह खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"याच टेबलाशी बसून लिहिलंय त्याने," बेरिल म्हणाली. "हिवाळाभर चाललं होतं. खिडकी आधी घेऊ का पडदा, असं मला विचारायचा. शाळा सुटल्यापासून या माणसाने वाढदिवसाच्या कार्डावर सही करण्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. आमचा मायकेल लहान असताना तोही असाच खिडकीशी उभा राहायचा. आता ऑस्ट्रेलियात असतो. विल्फ त्याला हे कधी बोलला नाही. तुझं गाणं ऐकून घरी आला आणि लिहायला बसला."

"मला का नाही दिलं?"

"दर शनिवारी खिशात घालून न्यायचा. आणि तसाच परत आणायचा. म्हणायचा, त्याचं गाणं आहे, त्याला सुचू दे आधी."

किटलीखालची ज्योत तिने जरा बारीक केली. क्लाइव्हने मग तो प्रश्न विचारला, जो विचारायला तो आलेला नव्हता: हे सगळं ठाऊक असताना त्या दिवशी बारशी तिने तसं का म्हटलं?

"तुझं म्हटलं म्हणून तू ते तुझ्यासारखं गायलास," बेरिल म्हणाली. "विल्फचं म्हटलं असतं तर बिचाऱ्या म्हातारीसाठी म्हणून गायला असतास. ते नको होतं मला." तिने कपाटातून दोन कप काढले. "तू येशील असं वाटलं नव्हतं मात्र."

आता तो बसला. चहा झाला. अल्बमवर विल्फचं नाव घालायचं, हे त्याने सांगितलं. ती हो म्हणाली, फक्त विल्फ्रेड असं पुरं लिही म्हणाली, छापील गोष्ट आहे. मग तिला ते ऐकायचं होतं. पावेलने करून दिलेली कच्ची सीडी वाजवायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून दोघं बाहेर जाऊन त्याच्या गाडीत बसली. बेरिलने एप्रनवरच कोट चढवला होता. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या घरापुढे एक मांजर कुंपणावर बसलं होतं. काचा बंद करून क्लाइव्हने दहावं गाणं लावलं.

ती समोर बघत ऐकत होती. पहिल्या कडव्याला तिची बोटं पर्सवर हलकेच ठेका धरू लागली. दुसरं झालं. तिसरं सुरू झालं आणि बोटं थांबली. तिसऱ्या ओळीला तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. शेवटचा सूर विरल्यावर तिने विचारलं,

"हे तारे कुठून आले?"

क्लाइव्हने स्टिअरिंगवर हात ठेवले होते. ते त्याने खाली घेतले.

"मी घातले."

"का रे?"

सुराला बरं वाटलं म्हणून, असं तो म्हणाला. आणि मग, तेवढंही खरं नाही असं वाटून, म्हणाला की काहीतरी माझं असावं म्हणून.

"छान लागतंय तसं," बेरिल म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "लोकांना आवडेल. पण विल्फला तारे बघायला सवड कुठली? थंडीने बोटं फुटलेली असायची, आणि जाळं सांधायचं असायचं. तो जाळ्याकडेच बघायचा." तिने दार उघडलं. "राहू दे आता. झालंय तर झालंय. पीठ वाळेल माझं."

ती उतरली, दार ओढून घेतलं, आणि एप्रन सावरत घरात गेली. क्लाइव्हने गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथेच कडेला उभी करून पावेलला फोन लावला. पावेल झोपेतून उठल्यासारखा वाटला. उद्या स्टुडिओ मोकळा आहे का, असं क्लाइव्हने विचारलं.

"आता काय राहिलं?" पावेल म्हणाला. "परवा छापायला जातंय ते."

"एक ओळ चुकली आहे," क्लाइव्ह म्हणाला. "बाकी सगळं बरोबर आहे."