बिनगुळाचा काढा

दहाच्या सुमाराला खुंटीवर भाकरीचं फडकं तसंच लटकलेलं दिसलं. आबा न्याहारी विसरून डोंगरावर गेले होते.

एरवी मी म्हटलं असतं, येतील भूक लागल्यावर. पण फडकं काढायला हात वर केला तेव्हा फळीवरचं साखर तपासायचं मशीन दिसलं. ते मी काल डबीत घालून ठेवलं होतं. आता डबी उघडी होती आणि शेजारी रक्ताचा ठिपका असलेली पट्टी पडली होती. मी बटण दाबलं. सकाळी सहा पन्नास. एकाहत्तर. सत्तरच्या खाली गेली की धोका.

माझ्या हातात मशीन होतं आणि मी हिशोब लावत होते. साडेसहाला आबांनी मधुमेहाच्या दोन गोळ्या घेतल्या. त्यावर मी केलेला पेलाभर काढा घेतला. त्यात गवती चहा, आलं, तुळस, चार मिरे, दालचिनीचा तुकडा. गुळाचा खडासुद्धा नाही. मग त्यांना काहीतरी जाणवलं असणार, म्हणून त्यांनी स्वतःच बोट टोचलं, आकडा पाहिला आणि मला न सांगता कोयता घेऊन निघून गेले. त्याला तीन तास होऊन गेले होते.

आई असताना हिवाळ्यात या घरात काढा होत नसे. ती नाचणीची पेज करायची. पीठ भाजून, सुंठ घालून, मुठीएवढा गूळ टाकून. आबा तांब्याभर पेज पिऊन वर जायचे आणि दहाला भाकरी खायचे. भाद्रपदात आईनं ताप अंगावर काढला, आणि महाडला नेईपर्यंत उशीर झाला. मी पनवेलहून रजा घेऊन आले ती इथेच राहिले; पेज मीच करायला लागले. डिसेंबरात पोलादपूरला आबांची तपासणी केली, तर तीन महिन्यांची साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या. त्याच संध्याकाळी मी गूळ बंद केला. नाचणीसुद्धा नको म्हटलं. चार पुस्तकं धुंडाळून, दोन व्याख्यानं ऐकून हा काढा ठरवला. आबांनी पहिल्या दिवशी पेला रिकामा करून उपडा ठेवला आणि म्हणाले, "बरा हाय."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या त्या पेज चालू आहे असं धरून. पेज बंद केल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते मला त्या क्षणी, खुंटीखाली उभं असताना कळलं.

चुलीवरच्या पातेल्यात उरलेला काढा अजून कोमट होता. मी डब्यातला गूळ ठेचून त्यात विरघळवला, पाण्याच्या बाटलीत भरला, भाकरी घेतली आणि निघाले. फोन लावण्यात अर्थ नव्हता. आमच्या वरकसात, डोंगरउतारावरच्या त्या जमिनीत, रेंज नाही.

पौषातलं ऊन होतं, पण सावलीत गारठा होता. दिवस कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायचे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर ऐनाच्या फांद्या आत्ताच उतरवून वाळवाव्या लागतात. त्यासाठी माणूस झाडावर चढतो. चालता चालता मला तेवढंच दिसत होतं, की आबा आत्ता झाडावर आहेत.

अर्ध्या चढणीवर रंगूबाई भेटली. आमची शेजारीण, आईची जन्माची मैत्रीण. डोक्यावर कवळीचा भारा, हातात लांब बांबूची आकडी.

"काय गो, पळतेस कशाला? वाघ लागलाय मागं?"

"काकी, आबा कुठायत?"

"आहेत ना, त्या मोठ्या ऐनावर. तुज्या बापसाला आज झालंय काय? मी म्हटलं भावजी, उतरा, घोटभर पाणी प्या. तर मला शिवी दिलीन! चाळीस वर्षांत कधी अरे-तुरे केलं नाय मला. सकाळीच टाकून आलाय की काय?"

"घाम आलाय का त्यांना?"

"निथळतोय नुसता. मी बोल्ले ना, टाकूनच आलाय."

"दारू नाही काकी. साखर उतरलीय. गोळ्या घेतल्या आणि खाल्लं नाही काही."

रंगूबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि भारा तिथेच वाटेवर टाकून दिला. आकडी घेऊन ती माझ्या पुढे चढायला लागली. वयानं ती आबांपेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. मला तिला गाठता येईना.

ऐनाखाली फांद्यांचा सडा होता. आबा दोन पुरुष उंचीवर एका बेचक्यात उभे होते. सदरा पाठीला चिकटलेला. ते कोयता चालवत होते, पण फांदीवर नाही. एकाच जागी, खोडावर, हळूहळू घाव घालत होते, जणू दार ठोठावताहेत. डावा हात कशालाच धरलेला नव्हता.

"आबा!"

त्यांनी खाली पाहिलं. नजर माझ्यावरून सरकून गेली.

"कोण हाय?"

मी पुढे झाले तर रंगूबाईनं मला मागे ओढलं. "खाली उभी राहू नको. कोयता सुटला तर डोक्यात बसल." मग तिनं वर तोंड केलं, आणि बांधावरून मीठ मागावं अशा आवाजात म्हणाली, "भावजी, कोयता द्या जरा तुमचा. माझा पार बोथटलाय."

"तुझा तू धार लाव."

"लावते ओ. आजच्यापुरता द्या. तुमची घरधनीण असती तर दिला असतात ना?"

आबा बराच वेळ कोयत्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो सोडून दिला. टाकला नाही, नुसती बोटं उघडली. तो फांद्या मोडत खाली आला आणि रंगूबाईच्या पायापासून हातभर अंतरावर जमिनीत रुतला. तिनं तो उचलून लांब भिरकावला.

"दे ती बाटली."

बाटलीच्या बंदाचा फास आकडीच्या टोकाला अडकवून तिनं आकडी वर चढवली. बाटली आबांच्या छातीपाशी जाऊन झुलायला लागली. दोनदा त्यांचा हात चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी ती धरली, झाकण फिरवलं, नाकाशी नेली.

"गूळ हाय यात."

"हो," मी म्हटलं. "प्या."

"नको."

"आबा, प्या ना."

"गूळ बंद हाय मला. पोरगी रागावल."

त्यांचा पाय बेचक्यात वळला आणि सालीचा एक तुकडा खाली आला.

"कोण पोरगी ओ?" रंगूबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"माझी. प्रियू. ती सगळं वाचून वाचून करते." शब्द जड जिभेनं येत होते, पण एकेक स्पष्ट येत होता. "आय गेली तिची. तेवढंच हाय तिला करायला. मी गूळ प्यायलो तर तिला काय वाटल?"

"अवो, हीच तुमची—" रंगूबाई ओरडणार तेवढ्यात मी तिचा दंड धरला. ते मला ओळखत नव्हते. मी प्रियू आहे हे त्यांना पटवत बसायला वेळ नव्हता, आणि न पटून ते चिडले असते तर पाय टेकत उतरले नसते, कोसळलेच असते.

मी तिचा दंड सोडला आणि वर तोंड केलं.

"प्रियूला मी सांगते," मी म्हटलं. "ती नाही रागवणार. तुम्ही प्या."

"तुम्ही सांगाल?"

आबांनी जन्मात मला तुम्ही म्हटलं नव्हतं.

"सांगेन. मी तिला चांगली ओळखते."

त्यांनी विचार केला. मग बाटली तोंडाला लावली. थोडं गळ्यावरून सांडलं, थोडं सदऱ्यात गेलं. मी घोट मोजत होते. सात झाले, आठवा अर्धा. झाकण कसंबसं लावून बाटली त्यांनी काखेत अडकवली आणि गाल खोडाला टेकवला.

"आता?" रंगूबाईनं विचारलं.

"दहा-पंधरा मिनिटं लागतील."

"तवर हा वरच?"

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि खोडाला मिठी मारली. मी काही बोलायच्या आत ती खालच्या खुंटावर पोचली होती. आबांच्या पायाखाली तिनं आपला खांदा लावला आणि एक हात त्यांच्या कमरेच्या करगोट्यात अडकवला. "प्यायला कुरकुर, आन् वजनाला म्हैस," ती म्हणाली, आणि खांदा अजून वर रेटला.

मी खाली उभी राहिले. तोडलेल्या फांद्या पायांनी ओढून ऐनाखाली जाड थर केला, काहीतरी करायचं म्हणून. घड्याळात चार मिनिटं झाली. मग सहा. आबांनी डोळे मिटले तेव्हा मी हाक मारली, आणि ते "हं" म्हणाले. पुन्हा हाक मारली, पुन्हा "हं". नऊ मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, खाली आपल्या पायाकडे पाहिलं, आणि एकदम दचकले.

"वैनी, तुम्ही इथं काय करताय?"

"आंबे काढतेय! काय करताय म्हणे. उतरा आधी."

"प्रियू? तू कशाला आलीस वर?"

ते उतरले तेव्हा मी त्यांना हात दिला नाही. त्यांना जमत होतं. पण जमिनीला पाय लागल्यावर ते बसले ते बसलेच, आणि मीही त्यांच्यासमोर बसले. भाकरीचं फडकं उघडून पुढे केलं. त्यांनी मोठमोठे घास घेतले. रंगूबाई खाली उतरून शेजारी टेकली.

"किती दिवस होतंय असं?" मी विचारलं.

"आठ-दहा. हात कापतात. भाकरी खाल्ली की जातं."

"आज सकाळी आकडा बघितलात. मला सांगितलं का नाही?"

आबा भाकरी मोडत राहिले. उत्तर रंगूबाईनं दिलं. ती खरचटलेल्या हाताला थुंकी लावत होती. "कसा सांगेल गो? पेला दिलास की समोर उभी राहतेस, मास्तरीण पाटी तपासते तशी. दारातून रोज बघते मी."

मी मान हलवली. मग जे सांगायचं होतं ते आबांकडे बघून सांगितलं. गोळ्या वाढल्या तेव्हा पेज चालू होती, पेज मी बंद केली, आणि डॉक्टरांना कळवलं नाही. चूक गोळ्यांची नाही, आणि तुमचीही नाही. आज खाली गेल्यावर आधी डॉक्टरांना फोन करायचा. ते सांगतील त्याप्रमाणे सकाळची पेज आणि गोळी ठरवायची.

आबांनी ऐकून घेतलं. हातावरचं पीठ झाडलं, काखेतली बाटली काढली आणि उरलेला काढा एका दमात संपवला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"आलं लय झालंय," ते म्हणाले.

"आज?"

"रोजच."