वळणात मावणारं इंजिन

इंजिन पुन्हा पडलं. संत्र्याच्या झाडापाशी, त्याच जागी, त्याच कुशीवर.

"राहू द्या वहिनी, मी उचलतो," असं अण्णाजी म्हणेपर्यंत ज्योत्स्ना वाकलेली होती. एक हात कमरेवर, एक हात इंजिनाखाली. चार बोटं रुंद, हातभर लांब आणि मसाला वाटायच्या पाट्यासारखं जड. एका बाजूची चाकं रुळावर ठेवायची, मग दुसऱ्या बाजूची, मग स्वतःला उभं करायचं. हे तिसरं काम सगळ्यात

टण्. टण्. टण्.

मागच्या ओट्यावर खुर्चीत बसलेला तिचा नवरा डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर चमचा वाजवत होता. म्हणजे, पुन्हा.

"हो जी, लावून राह्यली. तुमची गाडी लेट नाई करत मी."

गोमाजी मरसकोल्हे वर्ध्याला रेल्वेच्या यार्डात खलाशी म्हणून लागला आणि मालगाडीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला. कोळशाच्या, सिमेंटच्या, रिकाम्या वाघिणींच्या लांबच लांब गाड्या त्यानं ओढल्या आणि शेवटी, जिथं रेल्वेच नाही अशा वर्धा जिल्ह्यातल्या कारंज्यात घर बांधलं. घरामागची जागा नाल्याकडं उतरती. एका हिवाळ्यात त्यानं एकट्यानं तिथं सिमेंटची पट्टी ओतली आणि तिच्यावर पितळेचे बारीक रूळ बसवले. खालून चढत येणारे, संत्र्याला वळसा घालून ओट्याला घासून जाणारे, पुन्हा खाली उतरणारे. वळण आखायला त्यानं खोडाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकानं चुन्याची रेघ मारली. पलीकडं शेजाऱ्याची भिंत. दोरी जेवढी फिरली तेवढं वळण. जन्मभर रुळांवरून गेलेल्या माणसानं रूळ कधी टाकले नव्हते. चढ आणि वळण एका जागी आणू नये, हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं

टण्.

पाणी. अर्धं पोटात, अर्धं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर. पुसलं.

"इंजिन मंग घेऊ," असं तो तेव्हा म्हणाला होता. मग न्हाणीत पडला. उजवं अंग गेलं. मराठी गेली, हिंदी गेली. राहिली ती आईची गोंडी. ज्योत्स्ना वर्ध्यात वाढलेली. तिच्या माहेरी गोंडी आजोबांबरोबरच संपली, आणि तिला येत होती ती सासूच्या हाताखाली राहून आलेली. त्याला सगळ्यांचं कळायचं. त्याचं कळायचं ते घरात तिला एकटीला. डॉक्टर विचारायचे, न्हावी विचारायचा. तो बोलायचा, ती सांगायची. आंघोळ घालण्यासारखंच ते एक काम.

तिला दुपारी तासभर झोप हवी होती. बस्स.

"बाबाच्या हातात काई तरी देजो आई, तवाच तू पडशीन," पुण्याहून गुंजन फोनवर म्हणाली. लेकीनंच कुठून तरी हे अण्णाजी शोधले. अमरावतीचे. आपल्या बागेतली असलीच छोटी रेल्वे मोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला निघालेले. दोन इंजिनं आणि थोडे डबे गाडीत घालून ते सकाळीच येऊन पोचले होते. चालवून पाहा, चालेल ते ठेवा.

अण्णाजी रुळाशेजारी उकिडवे बसले. "हे पाहा वहिनी. मोठ्याच्या खाली तीन-तीन चाकांचे दोन गट आहेत. सरळ रुळावर राजा आहे हा. पण एवढ्या आखूड वळणात मधल्या चाकाईनं जावं कुठं? त्यात चढ. इंजिन पुढं ओढून राह्यलं, डबे मागं ओढून राह्यले, अन् वळणात सारी गाडी आतल्या अंगाले खेचल्या जाते. आडवी नाई होईन तर काय?"

"वळण मोठं होत नाई काय?"

"शेजाऱ्याच्या सैपाकघरातून न्यावं लागीन."

ती हसली. कमरेत कळ आली.

"अन् हे?"

हे म्हणजे दुसरं. चार चाकं, तीही एकमेकांना चिकटून. ठेंगणं, पिवळं, ना नाक, ना शेपूट. यार्डात वाघिणी इकडच्या तिकडं ढकलणारं असतं तसं.

"दिसाले डब्बाच आहे," अण्णाजी म्हणाले. "पण आत शिसं भरलं मी. सारं वजन चारही चाकाईवर, अन् चारही ओढणारी. मागं तीनच डबे लावजा. चढीन."

चढलं. कुरकुरत, पण चढलं. संत्र्यापाशी ज्योत्स्नानं सवयीनं हात पुढं केला, तर ते तिच्या हातापुढून निघून गेलं. दुसऱ्यांदाही. मग ती झाडाला टेकून नुसती उभी राहिली. उभं राहून करायला आपल्याकडं काहीच काम नाही, हे तिच्या ध्यानात

टण्.

या वेळी चमचा मोठ्या इंजिनासाठी होता. तिनं ते उचलून त्याच्या मांडीवर दिलं.

"सांगा गोमाजीभाऊ," अण्णाजी ओट्याजवळ आले. "मालक तुम्ही. कोणतं ठेवू?"

गोमाजीनं पिवळ्याकडं पाहिलंही नाही. मांडीवरचं हुबेहूब त्याचं होतं. तेच लांब अंग, तोच रंग, ड्रायव्हरच्या बाजूला तीच खिडकी. पुढच्या काचेवरून तो अंगठा फिरवत होता, धूळ पुसल्यासारखा. मग बोलला. सावकाश, पण न अडखळता. एवढं लांब तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

यार्डात ढकलाढकली करायला मी खलाशी राहिलो नाही, तो म्हणाला. हेच ठेवा. पडलं तर ही उचलेल.

अण्णाजी तिच्याकडं पाहत होते. "काय म्हंतेत?"

ज्योत्स्नानं कमरेवरचा हात काढला.

"लहान म्हंतेत," ती म्हणाली.

गोमाजीनं तिच्याकडं मान वळवली.

मराठी त्याच्या तोंडातून गेली होती, कानातून नाही. डावा हात शाबूत होता. मांडीवरचं इंजिन नुसतं खाली ढकलून दिलं असतं तरी अण्णाजींना कळलं असतं.

"एवढं सारं बोलले, अन् फक्त लहान?" अण्णाजी हसले.

"त्याईचं तसंच आहे. लय बोलतेत, मतलब तेवढाच."

"पण डायव्हर पक्का आहे बाप्पा! रूळ पाहून इंजिन घेतलं." ते मोठ्या इंजिनाचं थर्माकोलचं खोकं उघडू लागले.

इंजिन मांडीवरून घ्यायचं होतं. त्याची बोटं त्याभोवती होती. तिनं ओढलं नाही; पुढं दोन्ही हात धरून उभी राहिली. तो तिच्याकडं बघत राहिला, ती इंजिनाकडं. बऱ्याच वेळानं बोटं सुटली, एकेक करून.

अण्णाजींची गाडी हायवेकडं गेली. ज्योत्स्नानं पिवळ्या इंजिनाला तीन डबे लावले, गाडी चालवायचं वायरचं बटण गोमाजीच्या डाव्या हातात दिलं.

"रागावले काय?"

त्यानं बटण फिरवलं. इंजिन खालून निघालं.

"मले होत नाई जी आता," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती.

इंजिन चढ चढलं, वळलं, ओट्याजवळून गेलं. खाली उतरलं. मग गोमाजी एकच शब्द बोलला, त्याच्या आईच्या भाषेतला.

झोप.

हा शब्द पुढं कोणाला सांगायचा नव्हता.

ती आत जाऊन खाटेवर पडली. डोळे मिटले, कान मिटेनात. चढावर कुरकुर, वळणावर आवाज बारीक, उतारावर खडखड. प्रत्येक वळणाला तिचं अंग उठायला निघायचं आणि परत पडायचं. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कोणी बोलावलं नाही. तरी ती उठली.

गोमाजी खुर्चीतच झोपला होता. मान खांद्यावर, तोंड जरा उघडं, बटण मुठीत, फिरवलं होतं तितकंच. गाडी आपली आपण फिरत होती.

तिनं मूठ सोडवली नाही. ओट्याच्या कडेला बसली, पाय खाली सोडले. रूळ तिथं ओट्याला घासूनच होते. गाडी आली तेव्हा तिनं पाय वर घेतले आणि शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच धरून ठेवले.