लालसूला कावून मारलं?

सुग्रीव गडचिरोलीच्या जंगलात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. एका दुपारी तो काही न कळवता, बॅगसुद्धा न घेता पाटोद्याला घरी आला. बायको वनमालानं पाण्याचा तांब्या दिला. पाणी न पिताच त्यानं तांब्या खाली ठेवला.

"काय झालंय? बोला की."

"लालसूला मारलं."

लालसू म्हणजे कामाजवळच्या पाड्यावरचा आदिवासी शेतकरी. सुग्रीव त्याच्याच घरी जेवायचा. फोनवर लालसू वनमालाला "वहिनी" म्हणायचा.

"कुणी मारलं?" सुग्रीवची आई कडूबाई भाकरी टाकून उठली.

"नक्षलवाद्यांनी. भर बाजारात. हा पोलिसांचा खबऱ्या हाय म्हणले. सगळ्यांना खाली बसवलं, अन् त्याच्या बायकोसमोर मारलं."

"व्हता का तो खबऱ्या?"

"न्हाई गं आई! लेकीला ताप व्हता म्हणून पोलिसांच्या कॅम्पात गोळ्या आणाया गेलता. अन् हे त्यांनाबी ठाऊक व्हतं."

वनमालाचा कानांवर विश्वास बसेना. "ठाऊक व्हतं? मग कावून मारलं? गरिबांसाठी लढतो म्हणत्यात ना ते?"

"मीबी लालसूच्या भावाला हेच इचारलं. तो म्हणला, कॅम्प झाल्यापासून लोक तिकडं जाया लागले, नक्षल्यांना कुणी भात देईना. पोलिसांशी लढायची ताकद उरली न्हाई. एका गरिबाला मारलं की सगळा पाडा गप व्हतो."

"झाला गप?"

"दुसऱ्या दिवशी कॅम्पाकडं कुणी फिरकलं न्हाई. लेकीचा ताप तसाच. मी गोळ्या घेऊन गेलो, तर तिच्या आईनं दार लावून घेतलं. आतून म्हणली, दादा, जा. तुम्हा रस्तावाल्यांकडून काही घेतलेलं कुणी बघितलं तर माझी लेकबी जाईल."

तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उतरवली नाही.

संध्याकाळी ठेकेदार मोहनरावांचा फोन आला. सुग्रीवनं तो उचलला नाही. वनमालानं उचलला.

"ते आता येणार न्हाईत," ती म्हणाली. "पण लालसूभाऊंची लेक कशी हाय, तेवढं इचारून सांगा."

"कुणाला विचारू, ताई? त्या पाड्यावर आता आमच्याशी कुणीच बोलत नाही."