स्फटिकातला हात

माझी बायको ताजुन्निसा गेली आणि घरात तिचा एकही फोटो नाही. तिला फोटो चालत नसे. तिच्या माहेरी, चाकणलाही तसंच होतं.

पण तिच्या हाताचं एक चित्र होतं. ते पिंपरीला, आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, एका स्फटिकात होतं.

मी तिथे फिटर. श्रीपादसाहेब इंजिनियर. प्रकाशाने माहिती साठवायची, हा त्यांचा प्रयोग. लेसरच्या एका किरणाच्या दोन वाटा करायच्या. एक फिल्ममधून जाते, दुसरी सरळ येते. बोटाच्या पेराएवढ्या स्फटिकात दोन्ही भेटतात आणि फिल्मवरचं चित्र आत उमटतं. मग नुसता सरळ किरण सोडला की ते पडद्यावर दिसतं. मात्र दोन्हीकडे प्रकाशाचं कंपन एकाच दिशेचं लागतं. एक उभं, एक आडवं झालं तर काही उमटत नाही. उभ्या प्रकाशाने लिहायचं आणि आडव्याने पुसायचं. ही दिशा बदलायची पितळी कडी मी लेथवर कातून दिली होती.

मागच्या रमजान ईदला साहेब आमच्याकडे शिरखुर्म्याला आले. ताजूने पडद्याआडून वाटी पुढे केली. साहेब वाटी घ्यायची सोडून हाताकडेच बघत राहिले.

मी खाकरलो.

"अहो रहिमानभाई, गैरसमज नको," ते गडबडले. "मेंदी बघतोय. इतक्या बारीक रेघा छापखान्यातही निघत नाहीत. चाचणीला मला अशाच हव्यात. एक फोटो काढू का?"

पडद्यामागून उत्तर आलं, "फोटो न्हाई."

"वहिनी, फक्त हाताचा."

"मागनं पुसता येतं का?"

"येतं की. त्यासाठीच तर एवढा खटाटोप."

"मग काढा. काम झालं की फिल्म जाळायची, अन् ते काचेतलंबी पुसायचं." मग मला म्हणाली, "ते तुमी पुसायचं. साहेब विसरत्याल."

साहेब मोठ्याने हसले. "वहिनींनी ओळखलं मला."

काम झाल्यावर फिल्म आम्ही जाळली. चित्र मात्र ठेवावं लागलं, कारण अंधारात ते किती महिने टिकतं हे साहेबांना बघायचं होतं. स्फटिक काळ्या डबीत बंद झाला. ताजू अधूनमधून विचारायची, "पुसलं का?" मी म्हणायचो, चाचणी चालू आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिला कावीळ झाली. दवाखान्यात नेली, ती परत घरी आली नाही.

आता दिल्लीहून पाहुणे प्रयोग बघायला येणार होते आणि चांगला स्फटिक तेवढा एकच, तो कोरा करून हवा होता. साहेब डबी घेऊन माझ्याकडे आले. पण हातातून खाली ठेवेनात.

"रहिमानभाई, पुसायच्या आधी चित्र पडद्यावर घेऊ. मी साधा फोटो काढून देतो. पाकिटात ठेवा. कुणाला कळणार आहे?"

"तिने नको म्हटलं होतं."

"हो, पण आता वहिनी..." ते थांबले.

मला तो फोटो हवा होता. हवा होता म्हणून मी साहेबांकडे बघितलं नाही. हो म्हणायला एवढासा वेळ लागतो.

"पुसायला किती वेळ?" मी विचारलं.

"आडव्याने दोन मिनिटं."

"आणि कडी फिरवलीच नाही तर? उभ्यानेच बघत राहिलो तर?"

साहेबांनी चष्मा काढला. चित्र बघताना ते थोडं थोडं झिजतं, हीच त्यांच्या प्रयोगातली मोठी अडचण होती. त्यावर ते वर्षभर डोकं फोडत होते.

"त्यानेही जाईल," ते म्हणाले. "वेळ लागेल. लेसरचं पाणी चालू ठेवा, नाहीतर तापेल."

कॅमेरा त्यांनी स्वतःच कपाटात ठेवला आणि दार ओढून घेत निघून गेले.

मी लेसर लावला. हिरव्या उजेडात तिचा हात पडद्यावर आला. डावा तळवा. करंगळी जरा बाहेर. लहानपणी कांद्याच्या पोत्याखाली चेंगरली होती. मनगटाशी मेंदी पसरलेली, कारण दूध उतू चाललं म्हणून ती ओल्या मेंदीनेच उठली होती. अंगठ्याच्या मुळाशी एक तीळ होता. तो मला माहीत नव्हता. इतकी वर्षं या हातचं जेवलो आणि तीळ माहीत नव्हता. आता कुणाला विचारू, हा आधीपासून होता का म्हणून?

बघत होतो तसं ते जात होतं. मी डोळे मिटले असते तरी गेलंच असतं, उजेड चालू होता. म्हणून मिटले नाहीत. आधी मेंदीच्या रेघा पुसट झाल्या, मग बोटांची टोकं. तळवा बराच वेळ राहिला.

दार वाजलं. साहेब आत आले आणि पडद्याजवळ वाकून बघू लागले.

"इथे आता काही नाही, रहिमानभाई," ते हळूच म्हणाले.

मला अजून दिसत होतं. मी लेसर बंद केला.