दोन खिट्यांचं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे, पण चौकटीत बसून मी जेवढं कमावलं त्याहून जास्त जमिनीवर आडवं पडून कमावलं. ते कसं, ते ऐका.

मी चेस्टनटच्या लाकडाचं आहे. माझ्या जातीचं झाड आता या डोंगरांत औषधालाही उरलेलं नाही. झाडांवर रोग आला आणि माझ्या डोळ्यांदेखत उतारच्या उतार वाळून गेले. तेव्हा मला जुनं म्हणणाऱ्याने जरा जपून म्हणावं. शाळेचं म्हणाल, तर घरातल्या एका पोराने चाकूने माझ्या खालच्या फळीवर तीन अक्षरं कोरली आणि मार खाल्ला. तेवढंच माझं शिक्षण.

व्हर्जिनियाच्या डोंगरात बक्हॉर्न नावाचं खोरं आहे. तिथे हायरम रॅटलिफने घर बांधलं आणि पाच फळ्या जोडून मला केलं. लोहाराकडून त्याने दोन बिजागऱ्या घडवून आणल्या. त्यांच्या खिट्या वर उपसल्या की सहज निघाव्यात, असं त्याने मुद्दाम सांगितलं होतं. लोहार म्हणाला, "अशाने कुणीही तुझं दार उचलून नेईल." हायरम म्हणाला, "उचलायलाच तर करतोय."

कारण त्या घराची जमीन मातीची होती. मातीवर टाच मारली तर आवाज होत नाही, आणि आमच्याकडच्या नाचात आवाजच तर सगळा. हात लोंबते ठेवायचे, कंबरेच्या वर काही हलू द्यायचं नाही, जे काय बोलायचं ते टाचेनं आणि चवड्यानं. म्हणून फिडल, म्हणजे आमच्या डोंगरातलं व्हायोलिन, वाजायला लागलं की दोघं जण माझ्या खिट्या उपसायचे आणि मला चुलीपुढे आडवं टाकायचे. हायरमच्या आजोबांनी ही रीत समुद्रापलीकडून, आयर्लंडातून आणली होती.

त्यांनी दुसरीही एक रीत आणली होती. घरातलं माणूस गेलं की मला दोन खुर्च्यांवर ठेवायचं, त्याला माझ्यावर आंघोळ घालायची, धुतलेले कपडे चढवायचे आणि छातीवर मिठाची बशी ठेवायची. मग खोऱ्यातली माणसं येऊन बसायची. माती देईपर्यंत माणूस माझ्यावर असे. नाचाला आणि मरणाला त्या घरात दार एकच होतं. यात कुणाला वावगं वाटलं नाही.

ऑर्लिना या घरात सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्नाच्या दिवशी ती माझ्यावर नाचायला उतरली आणि खोऱ्यातल्या बाया बोलायच्या थांबल्या. सासूला ते काही रुचलं नाही. ती म्हणाली, "सुनेचे पाय फारच हलके दिसतात. काम करणाऱ्या बाईचे असे नसतात."

ऑर्लिना ठेका न चुकवता म्हणाली, "काम तुमच्याकडे पायांनी करतात का, आई?"

मला ती तेव्हाच आवडली.

पुढे त्याच सासूला तिने माझ्यावर निजवलं, आणि तिची वेणी स्वतःच्या हाताने घातली. सात महिन्यांची एक मुलगी निजवली, ती माझ्या एका फळीतच मावली. मग एक दिवस तिच्या नवऱ्याला, व्हर्ननला, खाणीतून आणलं. त्या दिवशी ऑर्लिनाने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कानांमागची कोळशाची पूड निघता निघत नव्हती. तिने तीनदा पाणी बदललं. पाणी माझ्या फटींतून खाली ठिबकत होतं, पण थोडं वरच साचून राहिलं. माझ्या मधल्या फळीला एक खळगा पडला होता ना, त्यात. तो खळगा तिच्याच टाचेचा होता.

तिने पदराने, म्हणजे एप्रनच्या टोकाने, ते पाणी टिपलं आणि व्हर्ननच्या धाकट्या भावाला, अमोसला, सांगितलं, "भावजी, माझ्या वेळी हेच दार. गावातल्या त्या अंत्यसंस्कारवाल्यांच्या दुकानात मला पाठवू नका. मी इथं नाचले, याला इथं धुतलं. मी इथंच निजणार."

अमोसने नुसती मान हलवली. पण ते बोलणं त्या घरात पक्कं झालं.

वर्षं गेली. मातीवर फळ्या बसल्या, फळ्यांवर मेणकापड आलं. पोरं कामासाठी शहरांत पांगली. अमोस मात्र दर रविवारी फिडल घेऊन यायचा, राजमा आणि मक्याचा पाव खायचा आणि वाजवायचा. बोटं वाकडी झाली होती. ऑर्लिना म्हणायची, "भावजी, हे गाणं वाजवताय की मांजर सोलताय?" तो म्हणायचा, "वहिनी, नाचणारीचे पाय धड असते तर गाणंही धड वाटलं असतं." आणि ती मला काढायला लावायची.

नात केल्सी माझ्यावरच नाचायला शिकली. चांगली शिकली. गावोगावच्या संगीत महोत्सवांतून तिला बोलावणी येऊ लागली. मी त्या प्रकाराला जत्राच म्हणते. आयर्लंड-स्कॉटलंडची गाणी आणि आमच्या डोंगरातली गाणी एकाच मांडवात, आणि आपण सगळे एकाच रक्ताचे म्हणून भाषणं. तिथल्या संयोजकाला माझा सुगावा लागला. खऱ्याखुऱ्या घराचं खरंखुरं दार त्याला हवंच होतं.

केल्सी आजीला म्हणाली, "फक्त या उन्हाळ्यापुरतं, आजी. आपलं काही लोकांना दाखवायला नको का?"

"दाखव की. ने दार." असं म्हणून ऑर्लिनाने स्वतः दोन्ही खिट्या उपसल्या आणि एप्रनच्या खिशात टाकल्या. "या मात्र माझ्यापाशी राहतील. दार परत आलं की मीच घालीन."

अमोस म्हणाला, "वहिनी, खिट्या नसल्या तर ती नुसती फळी."

"म्हणूनच. नुसती फळी कुणाला ठेवून घ्यावीशी वाटत नाही."

माझ्या जागी दुकानातलं पत्र्याचं दार बसलं. मी ट्रकवर चढले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला त्या जत्रा आवडल्या. हजार हजार माणसं, वर दिवे, आणि केल्सीची टाच पडली की सगळ्या मांडवाला ऐकू जायचं. लोक येऊन माझ्यावरून हात फिरवायचे. मी फुशारले. एकच गोष्ट खटकली. पहिल्याच दिवशी संयोजकाने मला स्टेजवरच्या एका लाकडी सांगाड्यावर ठेवून सहा लांब स्क्रूंनी पक्कं आवळलं. जे दार उचलायला केलं होतं, ते उचलता येईनासं झालं. उन्हाळ्यात चार गावं ठरली होती, त्यांची सात झाली. परत जायचा दिवस पुढे पुढे सरकत गेला आणि मीही कुरकुरले नाही.

सप्टेंबरात जवळच्याच एका गावी जत्रा होती, तिथे अमोस ऑर्लिनाला गाडीत घालून घेऊन आला. ती काठी टेकत स्टेजवर चढली आणि स्क्रूंकडे बघत राहिली.

"याला खिळवलं कुणी?"

संयोजक अदबीने म्हणाला, "पाय घसरू नये म्हणून, आजी."

"माझा सहासष्ट वर्षांत घसरला नाही." मग ती केल्सीकडे वळली. "कधी आणतेस?"

"आता एकच राहिलीय, आजी. समुद्रापलीकडे, डोनेगलला. आपले लोक तिथूनच आले ना? तिथून आले की लगेच."

"लवकर ये. मला घाई आहे."

केल्सी हसली. आजी आयुष्यात कधी घाईत नव्हती, म्हणून तिला ती थट्टा वाटली. पण तेवढ्यात ऑर्लिनाने बूट काढला आणि उजवी टाच त्या खळग्यात टेकवली. मी वजन ओळखते, तेच माझं काम. त्या टाचेत वजनच उरलं नव्हतं. मला कळलं. सगळ्या मांडवात ते फक्त मलाच कळलं, आणि दाराला सांगता येत नाही.

तिचे नाचाचे काळे बूट तिने केल्सीला दिले. "तिकडच्या लोकांपुढे अनवाणी नाचू नकोस. म्हणतील आमच्यातून गेले ते भिकेला लागले."

मी जहाजाने गेले, केल्सी नंतर विमानाने आली. डोनेगलात समुद्राकाठी एक सभागृह होतं आणि त्याची देखभाल नुआला नावाची बाई करायची. कामाची बाई. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला, बिजागऱ्यांच्या खुणा चाचपल्या आणि केल्सीला म्हणाली, "हे तर घराचं दार आहे."

"हो, आमच्याच घराचं."

"मग स्क्रू कशाला? घरात कुणी गेलं आणि दार लागलं तर?"

केल्सीने स्क्रूंकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. आजीचं 'माझ्या वेळी हेच दार' हे बोलणं तिने लहानपणापासून ऐकलं होतं, पण ते कधीतरी खरं होणार आहे हे तिने मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिने परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. पण जहाज काही कुणासाठी लवकर सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी अमोसचा फोन आला. केल्सी माझ्यावरच बसली होती.

"गेली तुझी आजी, पोरी. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या."

"मी येते, आजोबा. थांबवा सगळं."

"तू येशील गं. दार कधी येईल?"

केल्सीने माझ्या कडेवर हात ठेवला.

"महिना लागेल ना? मग तिला कशावर ठेवू, ते सांग." मग म्हातारा म्हणाला, "गावातून गाडी बोलावलीय. दुसरं काही सुचलं नाही मला."

ती गाडी म्हणजे त्या दुकानाची. ऑर्लिनाने एकच गोष्ट मागितली होती, तीही आमच्याकडून झाली नाही.

नुआलाने काही विचारलं नाही. तिने दोघा माणसांना हाक मारून माझे स्क्रू काढायला लावले. चार निघाले. दोन फळी फोडून निघाले. मला तिच्या स्वयंपाकघरात नेऊन दोन खुर्च्यांवर ठेवलं आणि वर पांढरी चादर घातली. केल्सीने चादरीवर आजीचे काळे बूट ठेवले, टाचा जुळवून. मग नुआला फडताळाकडे गेली, एका बशीत मीठ घेऊन आली आणि बुटांच्या वर, जिथे छाती आली असती तिथे, ठेवली.

केल्सी तिच्याकडे बघतच राहिली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? माझ्या आईला ठेवलं होतं, तिच्या आईला ठेवलं होतं. तुमच्याकडे नाही का ठेवत?"

तेव्हा कुठे केल्सी रडली. एवढ्या जत्रांतल्या एवढ्या भाषणांत जे कुणाला दाखवता आलं नव्हतं, ते त्या बशीत होतं. ऑर्लिना असती तर म्हणाली असती, मिठाला कशाला समुद्र ओलांडायला हवा, घरी होतंच की.

संध्याकाळपर्यंत आजूबाजूची माणसं येत राहिली. टोप्या काढून बसली, चहा घेतला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "स्वभावाने कशी होती?"

"तिखट," केल्सी म्हणाली. "कुणाला सोडायची नाही."

"मग इकडचीच," तो म्हणाला.

एवढी माणसं मी पेलली. लेकरू पेललं, व्हर्ननला पेललं. त्या दिवशी मी चादरीखाली वजनाची वाट बघत राहिले, आणि ते काही आलं नाही.

मी घरी पोहोचले तेव्हा डोंगरातली झाडं पार उघडी झाली होती. कबरीवरची माती बसली होती. अमोस आणि केल्सीने पत्र्याचं दार काढलं आणि मला उचलून बिजागऱ्यांना भिडवलं. तिकडच्या ओलाव्याने मी फुगले असेन अशी मला भीती होती, पण बसले नीट.

केल्सी म्हणाली, "आजोबा, खिट्या?"

अमोसने हात विजारीला पुसले. "तिच्या मुठीत होत्या. गाडीवाल्यांनी विचारलं, मूठ उघडायची का. मी नको म्हटलं, तशीच माती दिली."

"दोन्ही?"

"दोन्ही. त्या सकाळी उठल्यापासून धरून बसली होती. म्हणाली, भावजी, बाहेर ट्रकचा आवाज येतोय का बघा. मी दोनदा अंगणात जाऊन आलो. ट्रक येणार नाही हे मला माहीत होतं. तिलाही होतं, गं." मग तो म्हणाला, "खिळे घालू का त्या जागी? चालतील."

"नको," केल्सी म्हणाली. "ती म्हणाली होती, मीच घालीन."

तेव्हापासून मी चुलीशेजारच्या भिंतीला टेकून आहे. चौकटीत पत्र्याचं दार परत बसलंय, वारा सुटला की खडखडतं. रविवारी अमोस येतो. केल्सी घरी असली तर मला आडवं टाकते आणि तो वाजवतो. ती कडेकडेने नाचते. मधल्या फळीवरच्या त्या खळग्यात मात्र पाय पडू देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू मिरवू नका असं मी म्हणणार नाही. मला स्वतःलाच मिरवायला आवडलं, त्याचीच टोचणी आहे. पण घरातलं काही उचलून बाहेर नेताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, हे तुम्हाला कशासाठी लागणार आहे? ते सांगतील ते नीट ऐका. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, लवकर ये, मला घाई आहे, तर हसू नका. हातातलं टाका आणि निघा.