इंद्रायणीचं मंगलाष्टक

‘‘चंद्र झाला, कमळ झालं. आता हरिणी घालू का?’’ रंगरावांनी ओसरीवरून विचारलं.

‘‘हरिणी शालनबाईंच्या पोरीला दिली, आप्पा. लग्नाला माणसं तीच असत्यात. हिला हंस द्या,’’ इंद्रायणी म्हणाली आणि तिनं टाक दौतीत बुडवला.

रंगरावांनी मांडीवर ताल धरून हंस वृत्तात बसवून पाहिला. तो बसला, तसे बाप-लेक पुढच्या ओळीकडे वळले.

चिंचवडपासून चाकणपर्यंत कुठेही लग्न ठरलं की आधी भटजी, मग वाजंत्री आणि मग रंगराव, असा क्रम असे. भटजींचं संस्कृत आटोपलं की रंगराव अंतरपाटाशेजारी उभे राहत आणि मुलीचं, तिच्या आईबापांचं नाव गुंफलेलं मराठी मंगलाष्टक खड्या आवाजात म्हणत. तेच गुलाबी कागदावर छापून वऱ्हाडाला वाटलेलं असे. शेती पोटापुरती होती, कवित्व मात्र पोटभर. आमच्या कोंबड्यासुद्धा आता वृत्तात ओरडतात, असं त्यांची बायको विमलबाई म्हणायच्या. मुलगी कुणाचीही असो, सुरुवात ठरलेली असायची:

आली ही वधु पूर्णचंद्रवदना, घेऊनि माला करी

स्टेशनाजवळच्या छापखान्यात सरदारभाईंनी या ओळीच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून, सुतळीनं बांधून कायमचे बाजूला ठेवले होते. दर लग्नाला पुन्हा जुळवत कोण बसणार? खालची नावं तेवढी बदलायची. काळ्या, ठेंगण्या, तिरळ्या, दातपुढ्या, सगळ्या मुली या ओळीतून जाताना चंद्र झाल्या आणि पलीकडे संसाराला लागल्या.

इंद्रायणी चोवीस वर्षांची होती. लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना चेहराभर खड्डे ठेवून गेल्या. देवीची लस टोचणारा गावात आला की पोरं लपवायची तेव्हा रीतच होती. तिला रंगरावांनी स्वतः कडब्याच्या गंजीमागे बसवलं होतं आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं होतं. ती शहाण्यासारखी गप्प बसली. पुढे या गोष्टीचा उल्लेख घरात कुणी केला नाही.

आता ती पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात जात असे. कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दिव्यासमोर बसायचं, एकेक बाटली उजेडात धरायची आणि आत कण दिसला, काचेला डाग दिसला, तर ती बाजूला काढायची. शेजारच्या बायका पहिल्यांदा यावरून काहीबाही बोलल्या, मग त्यांनाही कंटाळा आला. इंद्रायणीला वाईट वाटेनासं होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तेवढंच. घरी आली की ती वडिलांची अष्टकं उतरवून घ्यायची, आणि ते अडले की यमक सुचवायची.

त्या वर्षी माघात तिचं लग्न ठरलं. मुलगा महाळुंग्याचा. बबनराव एस. टी.त कंडक्टर होते आणि त्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. पाहायला आले तेव्हा त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग चहाच्या कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘माझं काही म्हणणं न्हाई.’’ इंद्रायणीचंही काही म्हणणं नव्हतं. एवढ्यावर सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव तिच्यापुढे कागद घेऊन आले. त्यांचे डोळे लाल होते.

‘‘वाच. उपमा न्हाई, चंद्र न्हाई, कमळ न्हाई. लोकांच्या पोरींना उसनं दागिनं घातलं आजवर. तुझ्यासाठी खरं लिवलंय.’’

तिनं वाचलं.

रूपाचा नच डौल हीस, परि या चित्ती उजाळा वसे

पुढे मनाला देव्हाऱ्यातल्या समईचं रूपक केलं होतं आणि ते शेवटपर्यंत कुठेही न मोडता नेलं होतं. रंगरावांच्या सगळ्या ओळींत या ओळी चांगल्या होत्या. पहिल्याच वाचनात तिला ते कळलं आणि म्हणूनच तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं नाही.

‘‘आप्पा, मला चंद्रच घाला.’’

‘‘का गं? वृत्तात चुकलो का कुठं?’’

‘‘चुकलं न्हाई. पण चंद्र म्हटला की कुणी वर बघत न्हाई. लोकं अक्षता टाकायच्या घाईत असत्यात. हे म्हटलं तर समदी बघत्याल. रूप न्हाई म्हंजे किती न्हाई, ते बघत्याल.’’

‘‘अगं, पण मनाचं रूप सांगितलंय की पुढं. त्येच खरं.’’

‘‘खरं आसंल. पण ते मांडवात नगं.’’

‘‘मग खोटं लिवू? माझ्या लेकीसाठी?’’

‘‘एवढ्या जणींसाठी लिवलं, त्यात मी एक.’’ ती कागदाची घडी घालत म्हणाली, ‘‘एका अष्टकापुरतं मला सगळ्यांसारखं ऱ्हाऊ द्या, आप्पा. बाकी काही मागत न्हाई.’’

विमलबाई आतून म्हणाल्या, ‘‘पोरगी म्हणती तसं करा. लगीन तिचं हाय, तुमचं न्हाई.’’ रंगरावांनी पटका डोक्यावर ठेवला. मग ‘‘बरं बाई,’’ म्हणाले आणि मळ्यात निघून गेले.

शिफ्ट सुटल्यावर इंद्रायणी स्वतःच छापखान्यात गेली. सरदारभाईंनी सुतळीनं बांधलेली ओळ फळीवरून उतरवली, फुंकून धूळ काढली.

‘‘रंगरावांनी आपल्या बेटीसाठी नवं न्हाई लिवलं?’’

‘‘मीच म्हटलं, जुनं ऱ्हाऊ द्या.’’

सरदारभाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून नावाचे खिळे वेचायला लागले. ‘‘बरं केलंस बेटा. चालणारी ओळ हाय. आजपर्यंत हिनं कुणाचा संसार मोडला न्हाई.’’

त्यांनी एक ओला कागद काढून तिच्या हातात दिला. वर चंद्र होता आणि खाली तिचं नाव. सगळ्यांचं येतं तसंच आलं होतं, तेवढ्याच अक्षरांत, त्याच जागी. ती ते पुन्हा पुन्हा वाचत उभी राहिली. तिला आनंद झाला. इतक्या दिवसांनी झाला की तो आनंदच आहे, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

लग्न घरापुढच्या मांडवात होतं. गुलाबी कागद वाटून झाले. कुणी त्यानं वारा घेत होतं, कुणी त्यात विडा गुंडाळून ठेवत होतं. कुणी वाचत नव्हतं, आणि ते तिला बरं वाटत होतं. ती पाटावर उभी राहिली. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि खाली बबनरावांची पावलं. भटजींचं म्हणून झालं. रंगराव पुढे आले आणि त्यांनी हात वर केला.

‘‘मंडळी, कागदावरचं ऱ्हाऊ द्या बाजूला. आज बाप म्हणून म्हणतो.’’

आणि त्यांनी आवाज लावला, ‘‘रूपाचा नच डौल हीस...’’

मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून पाहू लागली. पुढच्या बायका टाचा उंचावून उभ्या राहिल्या. साऱ्या मांडवानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे. मायेनं, हळहळून, जरा वेळ काढून पाहिलं. ‘‘खरं हाय हो,’’ असं कुणीतरी म्हणालं. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. समईची ओळ रंगरावांनी दोनदा म्हटली. इंद्रायणी अंतरपाटाचे आडवे-उभे धागे पाहत राहिली. बबनरावांची पावलं हलली नाहीत. ‘सावधान’ झालं तरी अक्षता पडायला उशीर झाला, कारण लोक अजून पाहतच होते.

जेवणाच्या पंगतीत लोक रंगरावांच्या पाठीवर थाप मारून जात होते. आजवरचं सगळ्यात भारी, असं जो तो म्हणत होता. ते लेकीजवळ आले. त्यांच्या गालांवर अजून ओल होती.

‘‘रागावलीस? मला ऱ्हावलं न्हाई गं. पर माणसं बघितलीस का? रडत हुती माणसं.’’

कडब्याच्या गंजीपासून आजपर्यंत हा माणूस मांडवातली ती एक ओळ म्हणायची वाट पाहत थांबला होता, हे तिला कळत होतं. त्यांच्यावर रागवावं, असं तिनं मनात म्हणून पाहिलं. राग आला नाही. काहीच आलं नाही.

‘‘तिसऱ्या ओळीत यमक चांगलं जमलंय,’’ ती म्हणाली.

‘‘जमलंय न्हवं?’’ रंगराव खरोखर सुखावले आणि वाढप्यांना हाका मारत पंगतीकडे गेले.

महाळुंग्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं आणि दारात नणंद, छबूबाई, दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. मागे आळीतल्या बायका.

‘‘नाव घेतल्याबिगार आत सोडायची न्हाई. रंगरावांची लेक हाय, मग काय. चांगलं लांबलचक येऊ द्या.’’

कुणीतरी कंदील वर केला. नवरीचं तोंड नीट दिसावं म्हणून तो आणखी जवळ आणला. मांडवातली गोष्ट वऱ्हाडाबरोबर इथवर आलीच होती. बायका पुढे सरकल्या.

नाव, गाव, भाव, ठाव. यमकं न बोलावता आली आणि तिच्यापुढे उभी राहिली. कारखान्यातल्या कितीतरी मुलींना तिनं ती जोडून दिली होती. तिनं त्यांतलं एकही उचललं नाही.

‘‘बबनराव,’’ ती म्हणाली.

छबूबाईनं थोडी वाट पाहिली. ‘‘अन् म्होरं?’’

‘‘एवढंच.’’

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. छबूबाईचे हात चौकटीवरून खाली आले. इंद्रायणीनं उजव्या पायानं माप लवंडलं. तांदूळ आत पसरले. तिनं निऱ्या थोड्या उचलल्या आणि एकही दाणा पायाखाली येणार नाही अशा बेतानं ती त्यांच्या कडेकडेनं आत गेली.